उलट्या पानावरचा चेहरा

एमिल ह्रादेकनं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, बाटलीच्या काठाला निथळवला, सवयीनं पान उलटं फिरवलं आणि कॅप्टन हार्बरचं डोकं पुसायला हात पुढे केला. हात तिथेच थांबला. पानावरचा चेहरा सुलटा होता आणि त्याच्याकडे बघत होता.

घोटाळा काय झाला हे कळायला त्याला जरा वेळ लागला. नव्या चित्रकारानं कॅप्टन हार्बरला गोदीतल्या क्रेनला पाय बांधून उलटा टांगला होता. त्यामुळे पान फिरवल्याबरोबर समुद्र, बोटी, वखारी सगळं खालचं वर झालं आणि एकटा कॅप्टन तेवढा सरळ झाला. सोळा वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

ऑफिसात एमिलला सगळे मुंडकेवाला म्हणत. सकाळी लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, “काय एमिल, आज किती उडवायची?” तो न बोलता बोटं दाखवायचा. कॅप्टन हार्बरच्या चित्रकथा पाचसहा जण काढत. कुणाचा कॅप्टन जबड्यानं रुंद, कुणाचा नाकानं फेंदारलेला. वाचणाऱ्या पोरांना मात्र दर महिन्याला तोच माणूस दिसला पाहिजे. म्हणून शाई होऊन तयार झालेलं प्रत्येक पान शेवटी एमिलच्या टेबलावर यायचं. तो दुसऱ्यानं काढलेलं डोकं पांढऱ्या रंगानं बुजवायचा आणि त्या जागी कंपनीनं ठरवलेलं डोकं काढायचा. निळा गणवेश, पितळी बटणं, हातपाय ज्याचे त्याचे. चेहरा एमिलचा.

आणि हे सगळं तो उलटं करायचा. पान उलटं, समोर टाचलेला नमुन्याचा कागदही उलटा. नव्या माणसांनी विचारलं तर तो सांगायचा की सरळ बघितलं की हात ठाऊक असलेलं काढतो, उलटं बघितलं की समोर असलेलं काढतो. ते खरंही होतं. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत हेच शिकवतात. पण खरं कारण निराळं होतं. उलटा चेहरा हा चेहरा नसतो. तिथे नुसत्या रेघा असतात, आणि नुसत्या रेघा एमिलला झेपत होत्या.

आज तो चेहरा होता. पस्तीस-छत्तिशीचा माणूस, डोळ्यांखाली थकवा, आणि डाव्या भुवईला मधोमध एक फट. भुवईचे दोन तुकडे होऊन त्यांच्यामध्ये केस न उगवलेली बारीक तिरकी रेघ.

ब्रशच्या टोकावरचा थेंब समुद्रावर पडला. एमिलनं सावकाश मागे वळून पाहिलं. मागे खिडकी होती, खिडकीत मार्च महिन्याचं मळकट ऊन होतं, बाकी कुणी नव्हतं.

“पेग,” त्यानं हाक मारली. “हे कुणी काढलंय?”

पेग मलकाही पानं गोळा करून छपाईचे फोटो काढायला छापखान्याच्या कॅमेऱ्याकडे धाडायचं काम बघायची. तिनं पानामागचा शिक्का पाहिला.

“व्हिटकम. नवीन आहे. कॅन्ससहून पोस्टानं पाठवतो.”

“माणूस कसा आहे?”

“मी कुठं बघितलाय? इथं कुणीच बघितला नाही. का हो, वाईट काढतो?”

“नाही. चांगला काढतो.”

“मग चार वाजता गाडी जाते, मिस्टर ह्रादेक. त्याचं कौतुक नंतर करा.”

चारला दहा मिनिटं कमी असताना एमिलनं तो चेहरा पांढरा केला. आधी हनुवटी, मग गाल, मग कपाळ. भुवई त्यानं शेवटी घेतली. पोटच्या पोराला आपण स्वतःच्या हातानं बर्फाखाली गाडतोय असं त्याला वाटलं, आणि नंतर घरी जाईपर्यंत वाटतच राहिलं.

ती भुवई एमिलनंच फोडली होती. एकोणचाळीस साली. रेमंड तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याला बापाच्या डाव्या खांद्यामागे उभं राहून चित्र बघायची खोड होती. आवाज करायचा नाही, नुसता श्वास लागायचा मानेला. एकदा एमिल हातात पोलादी मोजपट्टी धरून गर्रकन वळला. डॉक्टरनं तीन टाके घातले. पोरगं रडलं नाही, उलट बापालाच म्हणालं, “तू मागे बघितलंच नाहीस.”

पुढे पन्नास सालच्या डिसेंबरात कोरियातल्या बर्फात रेमंड बेपत्ता झाला. एकोणीस वर्षांचा. चोपन्न साली सरकारनं कागद पाठवून त्याला मेलेला ठरवला. घरात त्याचा एकच लष्करी फोटो होता आणि त्यात टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती. ती खूण कुठल्याही फोटोत नव्हती. कॅन्ससमध्ये बसलेल्या माणसाला ती ठाऊक असायचं एकच कारण असू शकत होतं, आणि ते कारण मनात आल्यापासून एमिलला घास गिळवेना.

“जेवण चांगलं झालं नाही?” मिलीनं विचारलं.

“झालंय की.”

“मग चिवडतोयस कशाला? सॉस वेगळा काढून ठेवलाय, हवा तर घे.”

त्यानं सॉस घेतला. मिलीला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. पहिली तीन वर्षं तिनं वॉशिंग्टनला दर आठवड्याला पत्र लिहिलं होतं. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेल्या पोरांच्या घरी ती आगगाडीनं जाऊन आली होती, फोटो दाखवून विचारून आली होती. आणि एक दिवस ते सगळं आपोआप थांबलं. सरकारी कागद आला तेव्हा तिनं तो वाचला, घडी घातली आणि ओव्हनमधला केक बघायला गेली. तिला हे इतक्या लवकर कसं जमलं याचा एमिलला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेला नव्हता.

आता तिची जखम पुन्हा उघडायची, तीही कुणा व्हिटकमच्या भरवशावर, हे त्याला नको होतं. आधी आपण खात्री करू, असं त्यानं ठरवलं.

पंधरा दिवसांनी कॅन्ससचं पुढचं पाकीट आलं. एमिलनं पानं पहिल्यांदाच सरळ ठेवून पाहिली. कॅप्टन नऊ ठिकाणी होता. नऊही ठिकाणी तोच चेहरा, तीच भुवई. एका चित्रात तो कुणाचं तरी बोलणं ऐकताना मान जराशी डावीकडे कलती करून उभा होता. रेमंड तशीच करायचा. एमिलनं पाकिटावरचा पत्ता खिशातल्या चिठ्ठीवर उतरवून घेतला.

तेवढ्यात लिओ गारफिंकल टेबलाशी येऊन उभा राहिला. लिओ संपादक होता आणि एमिलचा सर्वांत जुना मित्रही. एक्केचाळीस साली कॅप्टन हार्बर जन्माला आला तो या दोघांच्या टेबलावर. तेव्हा एमिल अख्खं पुस्तक काढायचा, आणि कॅप्टनचा चेहरा त्यानं शर्टाच्या जाहिरातीतल्या एका माणसावरून उचलला होता. कोरियाची तार आल्यावर एमिलला अख्खं पान डोळ्यांसमोर धरवेना, तेव्हा लिओनंच त्याच्यासाठी हे मुंडक्यांचं काम शोधून काढलं होतं.

“वाईट बातमी आहे,” लिओ म्हणाला. त्यानं टेबलावर एक नवीन नमुन्याचा कागद ठेवला. त्यावर विशीतला एक पोरगा सगळे दात दाखवून हसत होता. “जूनच्या अंकापासून हा.”

“हा कोण?”

“कॅप्टन हार्बर. वरच्यांचा हुकूम आहे. पोरांची पत्रं येतात, एमिल. कॅप्टन इतका दमलेला का दिसतो? कॅप्टनला झोप लागत नाही का? आठ वर्षांची पोरं विचारतात.”

“ते व्हिटकमचं काम असेल. त्याला लिही.”



“व्हिटकमला लागून चार महिने झालेत,” लिओ हळूच म्हणाला. “पत्रं दहा वर्षं येतायत.” आणि एमिलच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत एमिल कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेला आणि टेलिफोनच्या खोक्यात शिरून दार ओढून घेतलं. कॅन्ससला लाईन लागायला वेळ लागला. पलीकडे एक बाई आली. “डेल! अरे, न्यूयॉर्क!” असं ती किंचाळली, मग धावत येणारी पावलं ऐकू आली. एमिलनं डोळे मिटले. आवाज ओळखू येईल का, एवढंच त्याच्या मनात होतं.

“हॅलो?”

नव्हता तो. कोवळा, सपाट, शेतावरचा आवाज होता.

“मी ह्रादेक बोलतोय. कॅप्टन हार्बरचं—”

“मुंडकी काढणारे! म्हणजे... माफ करा सर. चेहरे. आई, ते स्वतः आहेत!”

“तुझं वय काय?”

“बावीस, सर.”

एमिलनं खोक्याच्या भिंतीला पाठ टेकली. रेमंड गेला तेव्हा हा पाच-सहा वर्षांचा.

“घरात कुणी होतं सैन्यात? कोरियाला गेलेलं?”

“नाही. बाबांचा पाय लहानपणीच ट्रॅक्टरखाली सापडला होता. का, सर?”

“ती भुवईवरची खूण तुला कुठं मिळाली?”



“तुमच्याकडूनच की, सर.”

“मी कधीच काढलेली नाही.”

“रागावू नका सर, पण माझ्याकडे सगळे अंक आहेत. एकावन्नच्या एप्रिलपासून आहे ती. प्रत्येक अंकात. मला वाटलं, एखाद्या गोष्टीत त्याला लागलं असेल आणि नेमका तोच अंक माझा हुकला. मी तो अंक अजून शोधतोय.”

एमिलनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आणि त्याचं वय वाढतं ना, ते मला फार आवडतं,” पोरगा धीर येऊन बोलू लागला. “बाकीचे सगळे हिरो आहेत तिथेच आहेत. हा एकटा माझ्याबरोबर मोठा झाला. तुम्ही मुद्दाम करता ना, सर? सर?”

एमिल परत आला तो टेबलाकडे गेला नाही. त्यानं पेगला जुन्या अंकांची खोली उघडायला लावली. सोळा वर्षांत तो या खोलीत आला नव्हता. छापून आलेलं पुस्तक तो कधी उघडतच नसे. त्यात नवल काही नव्हतं, या धंद्यातली निम्मी माणसं स्वतःचं छापलेलं काम बघत नाहीत. पान कॅमेऱ्याकडे गेलं की विषय संपला.

त्यानं एकावन्न सालचा जाड बांधलेला ग्रंथ काढला आणि उभ्याउभ्याच उघडला.

एप्रिलमध्ये चेहरा एकोणीस वर्षांचा होता. जाहिरातीतला शर्टवाला कुठेच नव्हता. भुवईतली फट चित्राच्या आकाराप्रमाणे कुठे ठळक, कुठे केसाएवढी, पण चुकलेली कुठेच नाही. त्रेपन्नमध्ये जबडा भरला. चोपन्नमध्ये, उन्हाळ्याच्या सुमाराला, गाल एकदम बसले. अठ्ठावन्नपासून डोळ्यांच्या कडेला रेघा. एमिल एकामागून एक ग्रंथ उतरवत गेला. हात त्याचाच होता, यात शंका नाही. रेघ कुठे जाड होते, कुठे सुटते, हे त्याला झोपेतही ओळखता आलं असतं. पण यातला एकही चेहरा काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याच्या नमुन्याच्या कागदावर खूण नव्हती. त्याच्यासमोर सोळा वर्षं तो कागदच होता.

“तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?” दारातून पेग म्हणाली. तिचा नेहमीचा खवचट सूर गेला होता.

“तुला होतं?”

“मला कामावर लागले त्या दिवशी सांगितलं, मुंडकेवाल्याला काही विचारायचं नाही. इथल्या सगळ्यांनाच तसं सांगितलंय. मिस्टर गारफिंकल नव्या चेहऱ्यावरून वरच्या मजल्यावर तीनदा भांडून आले. यावेळी नाही जमलं त्यांना.”

एमिलनं ग्रंथ जागेवर ठेवला. आता त्याला भीती वाटत होती ती वेगळीच. रेमंड कॅन्ससमध्ये नव्हता, हे त्याला खोक्यातच कळलं होतं. जिथे होता तिथे तो जूनपर्यंतच राहणार होता, आणि पुसायचं काम आपल्याकडेच आलं होतं.

घरी आल्यावर त्यानं कोट काढायच्या आधीच रेमंडचा फोटो कपाटावरून उचलला आणि खिडकीशी नेऊन बघू लागला.

“त्यात नाही दिसत,” मागून मिली म्हणाली. “टोपीखाली गेलीय.”

तो वळला. हळू वळला. मोजपट्टीच्या त्या दिवसापासून तो पटकन कधी वळत नसे.

“काय नाही दिसत?”

मिली आतल्या खोलीत गेली आणि एक जाडजूड वही घेऊन आली. घरखर्चाला वापरतात तशी, कापडी पुठ्ठ्याची. तिनं ती जेवणाच्या टेबलावर उघडली. प्रत्येक पानावर कापून चिकटवलेली डोकी होती. कॅप्टन हार्बरची. महिन्याला एक. खाली तिच्या शाळकरी अक्षरात तारीख.

“महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पुलाखालच्या पेपरवाल्याकडे पुस्तक येतं,” ती म्हणाली. “तू कामावर गेल्यावर जाते. सगळ्यांत चांगला असेल तो घेते कापून.”

एमिल खुर्चीवर बसला. मिली पानं उलटत होती, लग्नाचे फोटो दाखवावेत तशी.

“हा बघ, सत्तावन्नचा. इथं हसलाय, क्वचितच हसतो. हा बासष्टचा, केस कापलेत. आणि हा मार्चचा. सर्दी झाल्यासारखा दिसतो की नाही?”

“मिली...”

“मी वॉशिंग्टनला पत्रं लिहायची का बंद केली, तुला काय वाटलं?” तिनं वहीवरून हात फिरवला. “बेपत्ता आहे म्हणून सरकार कळवत होतं, आणि हा तर दर महिन्याला घरी येत होता. मला वाटलं, तू माझ्यासाठी काढतोस. बोलवत नाही म्हणून काढून दाखवतोस. मग मी पण बोलले नाही. तुझं काढणं थांबलं असतं तर?”

एमिलनं तिच्यावर इतकी वर्षं मनात धरलेला राग विरघळला. त्याला तिची क्षमा मागायची होती. त्याला सांगायचं होतं की मी तुझ्यासाठी काढत नव्हतो, मला ठाऊकच नव्हतं, आणि जूनपासून हा येणार नाही.

“मिली, जूनपासून...”

“जूनपासून काय?”

तिचा चेहरा इतका निवांत होता की त्याची जीभ रेटेना.

“काही नाही. जूनपासून मला उशीर होईल. नवीन काम आहे.”

जूनच्या अंकाची पानं आली तेव्हा कॅप्टन हार्बरला डोकंच नव्हतं. व्हिटकमनं सगळीकडे खांद्यांवर कोरी, अंड्यासारखी गोल जागा सोडली होती. सोबत चिठ्ठी होती. ‘सर, नवा चेहरा मला जमला नाही. जुना तुम्हाला पुसावा लागेल म्हणून काढला नाही.’ पोरगं शहाणं होतं. एमिलला पांढऱ्या रंगाची बाटली उघडावीच लागली नाही.

यावेळी त्यानं पानं उलटी केली नाहीत. आपल्या हातावर त्याचा विश्वास उरला नव्हता. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून, नवा नमुना खाली ठेवून, त्यावरून रेघ न रेघ गिरवून त्यानं तो दंतपंक्ती दाखवणारा पोरगा कोऱ्या जागांत बसवला. दोन्ही भुवया अखंड. प्रत्येक चित्र झालं की तो भिंगातून तपासायचा.

नवव्या पानावर कॅप्टन बसच्या थांब्यावरून उडत जात होता. खाली रांगेत सहा माणसं पाठमोरी उभी होती. सहा टोप्या, सहा कोट, एकाच्या बगलेत वाण्याकडची कागदी पिशवी. व्हिटकमला घाई असली की तो गर्दी अशी पाठमोरी काढायचा, चेहऱ्यांचं काम वाचायचं. एमिलनं सहाही पाठी मोजल्या. आता तो सगळंच मोजत होता.

शेवटची भुवई काढताना त्याला डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता. मानेला ऊब लागत होती, थांबत होती, परत लागत होती. तो वळला नाही. त्यानं हातातली पोलादी मोजपट्टी अगदी सावकाश, आवाज न करता टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिला. ऊब गेल्यावर किती वेळ झाला होता कोण जाणे, पेग समोर उभी होती.

“चार वाजले, मिस्टर ह्रादेक. झालं?”

“झालं. घेऊन जा.”

जूनचा अंक पुलाखाली आला त्या मंगळवारी एमिल कामावर गेला नाही. बरं नाही म्हणून सांगितलं. मिलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, कपाळाला हात लावला आणि टोपी घालून बाहेर पडली. तो खिडकीशी उभा राहिला. रात्रीच सांगायला हवं होतं. काल, परवा, गेल्या महिन्यात सांगायला हवं होतं. आता ती पुलाखाली उभ्याउभ्या अंक उघडेल, त्या हसऱ्या पोराकडे बघेल, आणि तिचा मुलगा तिला दुसऱ्यांदा तिथे, भाजीवाल्यांच्या देखत, मेलेला कळेल.

ती नेहमीपेक्षा उशिरा आली. जिना चढताना तिची पावलं मध्येच थांबत होती. आत येऊन तिनं टोपी काढली नाही, तशीच टेबलाशी बसली आणि अंक समोर ठेवला.

“मिली, मी तुला सांगणार होतो,” एमिल म्हणाला. “त्यांनी चेहरा बदलला. मी खूप...”

“तो कोण दातवाला आहे, त्याचं मला काय करायचंय?” मिली म्हणाली. तिनं पटापट पानं उलटली आणि एका पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे बघ.”

नववं पान होतं. बसचा थांबा. पाच माणसं पाठमोरी उभी होती. सहावा, बगलेत पिशवी असलेला, मागे वळला होता. टोपी त्यानं हातात घेतली होती. केस कानशिलांपाशी विरळ झाले होते, मान जराशी डावीकडे कललेली होती, आणि डाव्या भुवईच्या मधोमध फट होती.

एमिलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आपला उजवा हात उलटापालटा करून पाहिला. अंगठ्याला शाईचा जुना डाग होता, तो नेहमीच असायचा.

“सुटला,” मिली म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. “अंगात बघ काय आहे. साधा कोट. सोळा वर्षं त्या गणवेशात होता रे. आता सोडलं त्याला.”

तिनं कात्री घेतली. आजवर ती नुसतं डोकं कापायची. आज तिनं कात्री टोपीच्या बाहेरून घातली आणि पिशवीला, कोपराला, कोटाच्या घोळाला वळसा घालत खाली नेऊ लागली.

हे मी काढलेलं नाही, असं सांगायला एमिलनं तोंड उघडलं. तिच्या हातांकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं कपाटातली गोंदाची बाटली आणली, झाकण काढून तिच्यापाशी ठेवली आणि तिच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला.

“बुटांपाशी जपून काप,” तो म्हणाला.